उशिरा तापणारा बर्फ

संस्थेत तिला सगळे वाटाडी म्हणायचे. आकाशातला कुठला धूमकेतू कुठल्या वाटेने येणार, कुठे वळणार आणि कुठे नाहीसा होणार, हे गणित मांडून सांगायचं हे तिचं काम, म्हणून वाटाडी. आणि ही वाटाडी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, हातातले कागद वाचत वाचत, सरळ जाऊन कँटीनच्या काचेच्या दारावर आदळली! असा दणका झाला की आतल्यांचे घास हातातच राहिले.

“बर्फ लाव, बर्फ!” कुणीतरी ओरडलं. पण कँटीनचा फ्रीज नेमका बंद पडलेला. “तळघरात जा गं, तिथे बर्फच बर्फ आहे,” दुसऱ्या कुणीतरी सुचवलं. झालं. एका हाताने टेंगूळ दाबत बाई निघाल्या तळघरात.

तिथल्या बोळात, एका जाडजूड दाराबाहेर, थंड पेटीचं झाकण उघडंच होतं. आत बर्फाचे गोळे. तिने त्यातला एक रुमालात गुंडाळला आणि कपाळावर धरला. हाय... काय बरं वाटलं म्हणून सांगू! डोळे मिटून ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

“अहो — अहो, थांबा! ते खाली ठेवा आधी!”

जाड दारातून एक माणूस धावत बाहेर आला. अंगात गुडघ्यापर्यंतचा कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात मोजे. आणि थंडीतून एकदम बाहेर आल्यामुळे चष्म्याच्या काचा पार पांढऱ्या झालेल्या. त्याने चष्मा काढला, तर ती दिसेना. घातला, तरी दिसेना. शेवटी चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून तो वरून बघायला लागला.

“डोकं फुटलंय माझं,” ती म्हणाली. “एक बर्फाचा गोळा घेतला तर काय आभाळ कोसळलं?”

“गोळा नाही तो... म्हणजे गोळाच आहे, पण...” तो घुटमळला. “तुम्ही माझा धूमकेतू कपाळाला लावलाय.”

तिने रुमाल काढून बघितला. काळाकुट्ट! बर्फ, धूळ, काजळी, सगळं एकत्र कालवून केलेला प्रयोगाचा गोळा होता तो. आणि आता त्यातला बराचसा तिच्या तोंडावर होता.

“इथे लागलंय,” त्याने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. तिने पुसलं, ते दुसऱ्याच बाजूला. “नाही, इकडे — म्हणजे तुमच्या तिकडे — अहो, राहू द्या...” त्याने मोज्यातलं बोट पुढे केलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे घेतलं. त्याचे कान मात्र टोपीतूनही लाल झालेले दिसले.

“तुम्ही कुठल्या विभागात?” त्याने विचारलं.

“धूमकेतूंच्या वाटा काढते मी.”

“म्हणजे ती वाटाडी तुम्हीच? आणि कँटीनचं दार तुम्हाला —”

“पुढे एक शब्द बोललात ना, तर पेटीतले सगळे गोळे वितळवून जाईन.”

तो हसला. छान हसला. तिच्या छातीत उगाचच धडधडलं. दारावर आपटल्यामुळे होत असेल असं, तिने स्वतःला समजावलं.

आता ती दारावर का आपटली, तेही सांगायला हवं. त्या सगळ्याच्या मुळाशी होता एक पाहुणा. आपल्या सूर्याच्या घरातला नव्हे, कुठल्यातरी दुसऱ्या ताऱ्याच्या घरातून निघालेला धूमकेतू. असे पाहुणे एकदाच येतात. सूर्याला वळसा घालतात आणि जातात ते कायमचे. या पाहुण्याची वाट तिने काढून ठेवली होती. सूर्याची ओढ धरली, सगळ्या ग्रहांची ओढ धरली, काही म्हणता काही विसरली नाही. आणि तो पठ्ठ्या तिने सांगितलेल्या जागी नव्हताच! दर वेळी किंचित बाजूला.

“तुझं गणित चुकतंय की तो चुकतोय?” तिच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

हे सगळं तिने, कपाळावर नवा, पांढरा, साधा बर्फ धरून, त्या बर्फवाल्याला सांगितलं. का सांगितलं? कळेना. अनोळखी माणसापुढे ती कधी इतकं बोलत नसे.

“वाफ,” तो म्हणाला. “ऊन लागलं की त्याच्यातून वाफ सुटते. ती इकडे सुटली की गोळा तिकडे ढकलला जातो. फुगा फुगवून सोडून दिला की कसा पळतो, तसं.”

“ते मलाही माहीत आहे हो. पण घोळ वेगळाच आहे. धूमकेतू म्हणून दिसतं काय? त्याच्याभोवतीचा वाफेचा आणि धुळीचा ढग. खरा गोळा आत कुठेतरी एवढासा. बघणारे ढगातल्या सगळ्यात उजळ ठिपक्यावर बोट ठेवतात. मग सरकतोय तो गोळा, का नुसता उजेडच एका बाजूला झुकलाय? कसं कळणार?”

त्याने क्षणभर तिच्याकडे बघितलं. “दाखवू?”

जाड दाराला एक लहानशी खिडकी होती. पलीकडे हवा उपसून काढलेलं एक पोलादी पिंप, त्याच्या काचेतून दिसणारा, बारीक तारेला टांगलेला काळा गोळा. त्याने दिवा लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गोळ्यातून पांढरट धूसर काहीतरी सुटलं, आणि गोळा हळूच — अगदी लाजल्यासारखा — मागे सरकला.

“सरकला!” ती ओरडलीच. तिचं नाक काचेला चिकटलं होतं, त्याचं शेजारी. दोघांच्या श्वासांनी काच धुरकट झाली आणि पुढचं काहीच दिसेना. तरी दोघंही तिथेच उभी राहिली.

त्यानंतर काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. आणि तोच तर सगळा घोळ होता!

ती काही ना काही विचारायला तळघरात जायची. तो काही ना काही सांगायला वर यायचा. येताना तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा घेऊन यायचा, आणि दोन जिने चढेपर्यंत तो चहा गार झालेला असायचा. कधी खिशातून संत्रं काढून, न विचारता सोलून, अर्धं तिच्यापुढे ठेवायचा. एकदा ती म्हणाली, “इतक्या थंडीत काम करून कंटाळा नाही येत?” तर म्हणाला, “तुम्ही खाली आलात की थंडी कमी वाजते...” आणि लगेच पुढे, “म्हणजे दार उघडतं ना, बाहेरची गरम हवा येते.” आता याचा अर्थ काय काढायचा माणसाने? आणि दुसऱ्या दिवशी समोर गेली, तर “हं” म्हणून मान खाली!

तिच्या धंद्यातली एक रीत होती. आलेली निरीक्षणं वाटेच्या रेषेवर मांडायची, आणि एखादं रेषेपासून फारच लांब पडलं तर बघणाऱ्याची चूक समजून बाजूला काढायचं. नाहीतर एक वाईट निरीक्षण सगळी वाट ओढून नेतं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे असेल, ती माणसांनाही तेच करायची. गार चहा? त्याला जिना चढायचाच असेल. थंडी कमी वाजते? गरम हवेमुळे. संत्रं? ते तर तो झाडलोट करणाऱ्या मावशींनाही देतो, तिने डोळ्यांनी बघितलं होतं. काढ बाजूला. एकेक करून सगळं बाजूला काढलं, की रेषा कशी सरळ, स्वच्छ दिसायची. एक सहकारी. मनमिळाऊ स्वभावाचा. बस.

मग त्या शुक्रवारी, कँटीनमध्ये, तो समोर येऊन बसला. बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत राहिला.

“मला एका मोठ्या संस्थेतून बोलावणं आलंय,” तो म्हणाला. “फार लांब आहे. पण तळघर मोठं, पिंप याच्या चौपट... सोमवारी सकाळी कळवायचंय.”

तिने हातातला घास परत ताटात ठेवला.

“काय करू?” त्याने विचारलं.

“अहो, विचारताय काय? जा की!”

“जाऊ?”

“म्हणजे काय! अशी संधी रोज चालून येते का?”

“नक्की जाऊ म्हणता?”

त्या ‘नक्की’मध्ये काहीतरी होतं. तिला ते ऐकूही आलं. पण शहाणी, समजूतदार, दुसऱ्याचं भलं चिंतणारी सहकारी अशा वेळी काय म्हणते? तिने तेच म्हटलं.

“अगदी नक्की.”

“बरं,” तो म्हणाला. चमचा बशीत ठेवला, चहा न पिताच उठला आणि गेला.

तो एक ‘बरं’ घेऊन ती घरी आली आणि सुट्टीचे दोन्ही दिवस त्याला उलटंसुलटं करत बसली. बरं म्हणजे बरं झालं? की बरं, कळलं? की बरं, जातो आता, राहा सुखाने?

ती आत्याकडे राहायची. आत्या पडदे शिवायची. घरभर कापडाचे ढीग, कड्या, टाचण्या. रविवारी दुपारी भाचीला तिने कड्या लावायला बसवलं होतं.

“काय गं, किती वेळ बघतेय, सगळ्या कड्या खालच्या बाजूला लावल्यास,” आत्या म्हणाली. “पडदा काय जमिनीला टांगायचाय?”

“आत्या... एखादं कुणी खरंच आपल्याकडे झुकतंय, का त्याचा उजेडच असा सगळीकडे पडतोय, हे कसं ओळखायचं?”

“कोण गं?”

“धूमकेतू.”

“अस्सं. गेल्या महिन्यात संत्रं सोलून दिलं म्हणालीस, तोच धूमकेतू का?”

“आत्या!”

“आत्या काय आत्या? दोन दिवस तोंड लटकवून बसलीयस, मी काय आंधळी आहे? काय झालं ते सांग.”

तिने सांगितलं. आत्याने मशीन थांबवली.

“आणि तू ‘जा’ म्हणालीस?”

“मग काय म्हणणार होते? मी त्याची कोण?”

“हे मला काय विचारतेस? त्याला विचार.”

“आणि तो म्हणाला, कुणी नाही, तर?”

“तर येऊन रड इथे. कापडाला काही तोटा आहे का घरात?” आत्याने मशीन पुन्हा चालू केली. “पण आधी त्या कड्या उसव.”

सोमवारी त्याला विचारायचंच, असं ठरवून ती संस्थेत आली. जिन्याशी येताच पाय मागे वळले. मग पुन्हा पुढे. असं तीनदा झालं असेल. तेवढ्यात तळघरातून त्याचाच फोन. “बघायला या. आज गोळा फिरवतोय.”

खरे धूमकेतू स्वतःभोवती फिरत असतात. त्याने तशी सोय केली होती. तारेवरचा गोळा सावकाश गिरकी घेत होता. त्याने दिवा लावला. वाफ सुटली. आणि गोळा मागे जायचा सोडून आडवाच सरकला!

“बिघडलं वाटतं काहीतरी,” ती म्हणाली.

“नाही, बरोबर आहे.” त्याचा आवाज आज खोल गेलेला होता. “ऊन डोक्यावर असतं, तेव्हा उकाडा सर्वांत जास्त असतो का? नाही ना? दुपार कलल्यावर असतो. याचंही तेच. दिव्यासमोर आलेला भाग लगेच तापत नाही. तो तापून वाफ सुटेपर्यंत गोळा पुढे फिरलेला असतो, म्हणून धक्का आडवा बसतो. बर्फ उशिरा तापतो, एवढंच.” मग पिंपाकडेच बघत, हळूच, “काही काही उशिरा तापतं. त्यात त्याचा काय दोष...”

“हो ना!” ती म्हणाली. हो ना! काय बोलावं या मुलीला? डोळे चमकवत, कागद छातीशी धरून, दोन-दोन पायऱ्या चढत ती वर पळाली. कारण तिला धूमकेतू कळला होता. बाकी काही कळलं नव्हतं.

तिने गणितात धक्का धरला होता तो फक्त सरळ, सूर्यापासून मागे ढकलणारा. आता त्यात उशिराचं तापणं घातलं. वाट किंचित वाकली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने बाजूला काढून टाकलेली जुनी निरीक्षणंही परत आणून मांडली. आणि ती सगळी, एकूण एक, नव्या वाटेवर येऊन बसली!

मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. “सुरेख! म्हणजे नुसता उजेड नव्हे, खरंच सरकत होता तो. पण मला एक सांग, ही निरीक्षणं टाकून कुणी दिली होती?”

“मी.”

“का?”

“रेषेपासून फार लांब पडत होती म्हणून.”

“अगं बाई, ही त्याने सूर्याजवळून वळसा घेतला तेव्हाची आहेत. जवळ आला तेव्हाच तर तो जास्तीत जास्त सरकणार! खरी बातमी एवढीच होती, आणि नेमकी तीच तू केरात टाकलीस?”

ती खुर्चीत तशीच बसून राहिली. खरी बातमी एवढीच होती... गार चहा. थंडी कमी वाजते. मागे घेतलेलं बोट. नक्की जाऊ म्हणता? अरे देवा! तिने काय काय केरात टाकलं होतं! अंगातून एक गरम लाट कानापर्यंत आली, आणि आज सोमवार आहे, त्याला विचारायचं ते राहूनच गेलंय, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

“मॅडम, आलेच मी,” म्हणाली आणि धावत सुटली.

तो पिंपातून गोळ्याचे उरलेसुरले तुकडे काढत होता. एका हातात मोजा, दुसऱ्यात फडकं.

“कळवलंत?” तिला धाप लागली होती.

“सकाळीच. हो म्हणून कळवलं.”

ती मटकन थंड पेटीवर बसली. मग जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरली.

“मला सांगायचं होतं... जाऊ नका.”

“अहो, तुम्हीच तर जा म्हणालात!”

“म्हणाले. शहाण्या माणसाने तसंच म्हणायचं असतं, असं वाटलं मला.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला माझी ब्याद टळायला हवीय.”

“ब्याद? अहो, मला वाटलं तुम्ही सगळ्यांशीच असे वागता! मावशींनाही संत्रं देताच की!”

“देतो. सगळ्यांना देतो.” तो चिडला होता, बहुधा पहिल्यांदाच. “पण बिया काढून कुणाला देतो, ते बघितलंत कधी?”

तिने आठवून बघितलं. खरंच की! इतकी संत्री खाल्ली, आणि एक बी कधी दाताखाली आली नव्हती. तिला रडू यायला लागलं आणि त्यातच हसूही, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे तोंडाचं काय करावं ते कळेना.

“तुम्ही मला आवडता,” ती म्हणाली. “खूप आवडता. मला आत्ता कळलं. म्हणजे आधीपासून होतंच, पण मी... मला आत्ता कळलं, आणि तुम्ही तर निघालात!”

तो तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला. फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“शब्द दिलाय मी त्यांना,” मग तो म्हणाला. “आता फिरवता येणार नाही.”

“फिरवू नकोस.” तिने बाहीने नाक पुसलं. “वाफेच्या धक्क्याने धूमकेतू थांबत नाही रे. तेवढी ताकद नसते त्यात. वाट जराशी बदलते.”

“जराशीच?”

“सुरुवातीला जराशी. पण जितकं पुढे जावं, तितका फरक वाढत जातो.” हे ती गणित म्हणून सांगायला गेली, आणि अर्ध्यात तिचाच आवाज कापायला लागला.

तो तिच्याकडे बघत राहिला. आज चष्म्याच्या काचा अगदी स्वच्छ होत्या.

“तू येशील तिकडे?” त्याने विचारलं. “लगेच नाही. इथलं काम झाल्यावर.”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “इथे मॅडम आहेत, आत्या एकटी आहे, तिकडे मला काम मिळेल का, तेही ठाऊक नाही... मला खरंच काहीच कळत नाहीये.”

“माहीत नाही म्हणजे? येणार नाहीस?”

“माहीत नाही म्हणजे माहीत नाही! पण यायचंय मला... फार यायचंय.”

त्याने उरलेला मोजा काढला आणि तिचा हात हातात घेतला.

“अगं आई गं, किती गार हात आहेत तुझे!” ती म्हणाली, आणि ते दोन्ही हात तिने आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.